पौलाची थैली: नकाशावर न दिसणारा प्रवास (थ्रेड)

अनेक छापील बायबलांच्या शेवटच्या पानांवर एक नकाशा असतो. भूमध्य समुद्राचा पूर्व भाग, काठाकाठाने गेलेल्या तीन रंगांच्या तीन रेषा आणि त्यांच्या टोकांना बाण. पौलाचा पहिला प्रवास, दुसरा प्रवास, तिसरा प्रवास. मग रोमच्या दिशेने गेलेली चौथी रेषा आणि तिच्या वाटेवर माल्टा बेट, जेथे जहाज फुटले.

नकाशा चुकीचा नाही. परंतु माणूस कोठून कोठे गेला एवढेच त्यावर दिसते. तो बरोबर काय घेऊन निघाला होता, हे दिसत नाही. यरुशलेमच्या शेवटच्या यात्रेत पौलाबरोबर पैसे होते. ग्रीक भाषिक शहरांतल्या लहान लहान मंडळ्यांनी आठवड्याला थोडे थोडे बाजूला काढून जमवलेली ती वर्गणी होती. तिच्यापायी त्याने स्पेनला जाण्याचा बेत लांबणीवर टाकला, आणि ती पोहोचवायला गेला असतानाच तो पकडला गेला. वादळे, फटके, तुरुंग यांची वर्णने रंगवून सांगितली जातात. पौलाच्या आयुष्याची खरी कसोटी मात्र ही थैली होती, आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय त्याच्या प्रवासांचा अर्थ लागत नाही.

प्रथम साधनांविषयी, कारण सगळा वाद तेथेच आहे.

पौलाची माहिती दोन ठिकाणांहून मिळते. एक म्हणजे त्याची स्वतःची पत्रे. नव्या करारात त्याच्या नावावर तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी सात निःसंशय त्याचीच, यावर अभ्यासकांचे जवळजवळ एकमत आहे. ही पत्रे साधारण इ.स. ५० ते ६० या दशकातली, म्हणजे नव्या करारातले सर्वांत जुने लेखन. दुसरे साधन म्हणजे 'प्रेषितांची कृत्ये' हा ग्रंथ. परंपरेने तो लूकाचा मानला जातो आणि तो पौलानंतर काही दशकांनी लिहिला गेला असावा. नकाशावरच्या तिन्ही रेषा या दुसऱ्या ग्रंथातून आल्या आहेत. पौल स्वतः आपल्या प्रवासांना कोठेही क्रमांक देत नाही.

मराठी बायबलमध्ये या पत्रांची नावे मोठी लोभस आहेत: रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस. पुणेकर, नगरकर म्हणावे तसे. भाषांतरकारांनी एका प्रत्ययात मूळची गोष्ट नेमकी पकडली आहे. ही पत्रे जगाला उद्देशून लिहिलेले धर्मग्रंथ नव्हते. अमुक गावच्या अमुक माणसांना, त्यांच्या भांडणांविषयी आणि उधारउसनवारीविषयी लिहिलेली ती पत्रे होती. इतिहासाच्या अभ्यासकाला यासारखे दुसरे सुख नाही.

दोन्ही साधने शेजारी ठेवली की काय होते, याचा एक नमुना पाहावा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्या हालअपेष्टांची मोजदाद करतो. यहूद्यांकडून पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटले, एक रात्र आणि एक दिवस खोल समुद्रात. हे पत्र त्याच्या शेवटच्या अटकेपूर्वीचे आहे. म्हणजे माल्टाजवळचे ते प्रसिद्ध जहाज फुटण्यापूर्वी त्याची तीन जहाजे फुटून गेली होती! 'कृत्ये'मध्ये या तिन्हींपैकी एकाचाही उल्लेख नाही. पाच वेळच्या फटक्यांचाही नाही. छड्यांचा प्रसंग एकच येतो, फिलिप्पै शहरातला. ज्या ग्रंथावरून नकाशे काढले गेले, त्यातून या माणसाच्या आयुष्याचा केवढा भाग गळला आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या यादीतले एकोणचाळीस फटके विशेष महत्त्वाचे आहेत. ही यहूदी सभास्थानाची शिक्षा होती. मोशेच्या नियमशास्त्रात चाळिसांची मर्यादा घातलेली. मोजताना चूक होऊन ती ओलांडली जाऊ नये म्हणून एक कमी. ही शिक्षा टाळण्याचा सोपा मार्ग पौलापुढे कायम उघडा होता: सभास्थानाशी संबंध तोडायचा. परका झालेल्या माणसाला तेथे कोणी फटके मारले नसते. तो पाच वेळा उघड्या पाठीने उभा राहिला, याचा अर्थ पाचही वेळा तो स्वतःला त्याच समाजाचा घटक मानत होता. पौलाने जुना धर्म सोडला आणि नवा स्थापन केला, असे जे सर्रास लिहिले जाते, ते त्याच्या पाठीवरच्या वळांशी जुळत नाही.

हा मनुष्य पोट कसे भरत होता, हा पुढचा प्रश्न. तो कारागीर होता. 'कृत्ये' त्याचा धंदा तंबू करण्याचा सांगते. पत्रांत धंद्याचे नाव नाही, पण आपण रात्रंदिवस हातांनी कष्ट करतो, कोणावर भार टाकत नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. करिंथात त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे त्याच धंद्यातले दांपत्य भेटले. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवून दिले तेव्हा ते तेथे आले होते. या हकालपट्टीचा उल्लेख रोमन चरित्रकार स्वेटोनियसनेही केला आहे. पौलाचे बरेचसे बोलणे व्यासपीठांवर झाले नसून कातडे किंवा जाडेभरडे कापड शिवता शिवता झाले असणार.

करिंथाचा मुक्काम कालगणनेच्या दृष्टीने सोन्याचा आहे. तेथे त्याला रोमन प्रांताधिकारी गल्लियो याच्यासमोर उभे केले गेले. गल्लियो हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. हा तुमच्या तुमच्या नियमशास्त्राचा तंटा आहे, असे म्हणून त्याने फिर्याद काढून टाकली. ग्रीसमधील डेल्फी येथे क्लौद्य सम्राटाच्या एका पत्राचा शिलालेख तुकड्यातुकड्यांत सापडला. त्यात गल्लियोचे नाव आहे, आणि सम्राटाच्या बिरुदावलीवरून त्याचा काळ इ.स. ५२च्या आसपास बसतो. त्यामुळे गल्लियोचे अधिकारवर्ष इ.स. ५१-५२ असे धरता येते. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या बहुतेक तारखा या एका खुंटीला टांगलेल्या आहेत.

आता थैलीकडे.

इ.स. ४८-४९च्या सुमारास पौल बर्णबा आणि तीत यांना घेऊन यरुशलेमला गेला. प्रश्न असा होता की, येशूच्या अनुयायांत येऊ इच्छिणाऱ्या परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, सुंता करून घ्यावी की नाही? पौलाचे उत्तर होते, नाही. यरुशलेमच्या मंडळीचे आधारस्तंभ मानले जाणारे तिघे, येशूचा भाऊ याकोब, पेत्र आणि योहान, यांनी त्याच्याशी हातमिळवणी केली. बरोबर नेलेला तीत ग्रीक होता आणि सुंता न करताच परत आला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हे सांगतो आणि जाता जाता एक अट नोंदवतो: गरिबांची आठवण ठेवावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

हे गरीब म्हणजे यरुशलेमच्या मंडळीतले गरीब. काळही टंचाईचा होता. इतिहासकार योसेफस त्याच दशकातल्या यहूदियातील दुष्काळाची हकिकत देतो. अदियाबेन या मेसोपोटेमियातील राज्याची राणी हेलेना हिने तेव्हा मिसरातून धान्य आणि सायप्रसमधून सुके अंजीर आणवून यरुशलेमात वाटले. ही हेलेना जन्माने परकी होती. पण तिने यहूदी धर्म स्वीकारला होता आणि तिच्या मुलाने सुंता करून घेतली होती. तिची मदत यरुशलेमने कृतज्ञतेने घेतली. हे उदाहरण मनात ठेवावे. पुढे लागणार आहे.

हातमिळवणी फार दिवस टिकली नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसून जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली आणि तो पंक्तीतून उठू लागला. बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत सुनावले. पंक्तीला कोण कोणाशेजारी बसतो हा प्रश्न वरकरणी किती किरकोळ आणि आतून किती ज्वलंत असतो, हे महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास वाचणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वादात आपण जिंकलो, असे पौल कोठेच म्हणत नाही. जिंकला असता तर त्याने ते लिहिल्याशिवाय सोडले नसते.

येथून पुढे त्या जुन्या अटीला निराळे वजन आले. गरिबांची आठवण ठेवणे ही केवळ मदत राहिली नाही. सुंता न झालेल्या लोकांचे पैसे यरुशलेमने घेतले तर त्या लोकांना आपले म्हटल्यासारखे होणार होते. न घेतले, तर दोन मंडळ्या वेगळ्या झाल्या असे उघड होणार होते. पौलाने पुढची काही वर्षे या एका देण्याघेण्यावर पणाला लावली.

वर्गणी जमा करण्याची रीत त्याच्या पत्रांतून स्पष्ट दिसते. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर धावपळ नको. तुम्ही पसंत केलेली माणसेच पैसे घेऊन जातील. आवश्यक वाटल्यास आपणही बरोबर जाऊ. गलतियातील मंडळ्यांनाही हेच सांगितले आहे.

करिंथकरांनी उत्साहाने होकार दिला आणि मग काम थंडावले. मध्यंतरी पौलाचे आणि त्यांचे बिनसले. कारण विचित्र होते: तो त्यांच्याकडून स्वतःसाठी पैसे घेत नसे. रोमन शहरांत श्रीमंताने विद्वानाला पोसावे आणि विद्वानाने त्याचा आश्रित व्हावे, ही रूढ चाल होती. पौलाने करिंथात आश्रय नाकारला आणि फिलिप्पैकरांची मदत मात्र घेतली. करिंथच्या प्रतिष्ठितांना हा अपमान वाटला असल्यास नवल नाही. त्यात हा माणूस दूरच्या यरुशलेमसाठी मोठी रक्कम मागतो. दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल ज्या आरोपाला उत्तर देतो तो वाचताच ओळखीचा वाटतो: स्वतः काही घेत नाही, पण दुसऱ्यांना पाठवून युक्तीने लुबाडतो. तीताने तुमचे काही लुबाडले का, असे त्याला विचारावे लागले. वर्गणीचे पावतीपुस्तक ज्याच्या हाती कधी आले असेल, त्याला या प्रश्नामागची तगमग कळेल.

यावर त्याने केलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तीताबरोबर त्याने आणखी दोघांना पाठवले, त्यांपैकी एक मंडळ्यांनी स्वतः निवडलेला. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी बोट ठेवू नये, देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असे कारण तो उघडपणे देतो. शिवाय मासेदोनियाचे लोक हलाखीत असूनही किती देत आहेत, हे करिंथकरांना ऐकवतो. मासेदोनियाकरांना मात्र करिंथकर गेल्या वर्षापासून तयार आहेत असे सांगून ठेवलेले! दोन गावांची चुरस लावून वर्गणी वाढवण्याची ही क्लृप्ती त्याच्या शत्रूंना दिसली नसेल असे नाही. पौल संत होता की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. तो कसलेला संघटक होता, यात शंका नाही.

यरुशलेमला पैसे पाठवणे ही त्या काळी नवी गोष्ट नव्हती. जगभरचे यहूदी पुरुष दरवर्षी मंदिरासाठी अर्धा शेकेल पाठवत. इ.स.पू. ६२मध्ये आशिया प्रांताचा रोमन अधिकारी फ्लाकस याने असे सोने जप्त केले, आणि पुढे त्याच्यावर खटला झाला तेव्हा सिसेरोने त्याचे वकीलपत्र घेतले. एकट्या अपामेया शहरात शंभर पौंडांना थोडेच कमी सोने हाती लागल्याचे त्याच भाषणात येते. पुढे ऑगस्टसच्या काळात या मंदिरनिधीला कायद्याचे संरक्षण मिळाले. पौलाची वर्गणी या संरक्षणात बसत नव्हती. ती मंदिरासाठी नव्हती आणि देणारे बहुतांशी यहूदी नव्हते. रोमन अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर काही परके लोक कोठल्याशा पंथासाठी प्रांताबाहेर पैसा नेत आहेत, एवढेच ते होते.

इ.स. ५६-५७च्या हिवाळ्यात पैसे जमले. पौल करिंथात होता, आणि तेथून त्याने रोमकरांस पत्र लिहिले. ते उतरवून घेणाऱ्या तेर्तियाने शेवटी आपलाही नमस्कार घातला आहे. करिंथाच्या बंदरावरची, किंख्रियाची, फिबी ही मंडळीची सेविका आणि अनेकांची आश्रयदाती. तिची शिफारस पत्रात आहे, त्यावरून ते पत्र तिनेच रोमला नेले असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या पत्राचा पंधरावा अध्याय हा पौलाच्या प्रवासांचा खरा नकाशा आहे. यरुशलेमपासून इल्लूरिकमपर्यंतचे आपले काम झाले, आता या प्रदेशांत जागा उरली नाही. रोमवरून स्पेनला जायचे आहे. करिंथाहून रोम पश्चिमेला. यरुशलेम अगदी उलट दिशेला. तरी आधी यरुशलेमलाच जायचे, कारण मासेदोनिया आणि अखया यांनी दिलेली वर्गणी पोहोचवायची आहे. या यादीत गलतियाचे नाव नाही. ज्या गलतियापासून कामाला सुरुवात झाल्याचे तो करिंथकरांना सांगतो, ती मंडळी हिशेबातून नाहीशी झाली आहे.

पुढे तो रोमकरांना दोन गोष्टींसाठी प्रार्थना करायला सांगतो. यहूदियातल्या विरोधकांपासून आपली सुटका व्हावी. आणि यरुशलेमातल्या पवित्र जनांना ही सेवा मान्य व्हावी. दुसरी विनंती वाचून क्षणभर थांबावे. उपाशी माणसांना पैसे द्यायला निघालेला माणूस ते घेतले जातील की नाही या चिंतेत आहे! ज्याने तीन जहाजे फुटलेली पाहिली, त्याला येथे भीती वाटते आहे.

प्रवासाची सुरुवातच वाट वाकडी करून झाली. समुद्रमार्गे सूरियाकडे जाण्याच्या बेतात असताना कट असल्याचे कळले आणि तो मासेदोनियातून फिरून गेला. 'कृत्ये'चा विसावा अध्याय बरोबरच्या सात जणांची नावे देतो: बिरुया, थेस्सलनीका, दर्बे, आशिया, ठिकठिकाणचे लोक. ही माणसे एवढ्या संख्येने कशाला जात होती, याचे कारण लूक देत नाही. पत्रे वाचलेल्याला ते लगेच कळते. ही मंडळ्यांनी निवडलेली, थैलीसोबतची माणसे होत. करिंथाचे मात्र त्यांत कोणी नाही.

एक लहानसा तपशील. त्रोवसाहून बाकीचे जहाजाने निघाले आणि पौल एकटा पायी अस्सापर्यंत गेला, तेथे जहाजावर चढला. का, ते लिहिलेले नाही. सोर आणि कैसरिया येथे लोकांनी त्याला यरुशलेमला जाऊ नको म्हणून विनवले. तो गेला.

यरुशलेमात काय घडले, ते 'कृत्ये'च्या एकविसाव्या अध्यायात आहे. बांधवांनी आनंदाने स्वागत केले. दुसऱ्या दिवशी याकोब आणि वडीलजन यांच्याशी भेट झाली. पौलाने परराष्ट्रीयांमधल्या कामाची हकिकत सांगितली, त्यांनी देवाचे स्तवन केले, आणि लगेच विषय बदलला: येथे नियमशास्त्राचे कडवे अभिमानी हजारो आहेत, तू यहूद्यांना मोशेचा मार्ग सोडायला शिकवतोस असे त्यांच्या कानावर आहे, तेव्हा एक कर, नवस केलेले चार जण आहेत, त्यांच्यासह शुद्ध हो आणि त्यांचा खर्च दे. वर्गणी मिळाल्याचा, मोजल्याचा, आभाराचा एकही शब्द नाही. पुढे चोविसाव्या अध्यायात खटल्याच्या वेळी पौल आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आल्याचे ओझरते बोलतो, एवढीच काय ती खूण.

या मौनाचा अर्थ काय लावावा? काही अभ्यासक म्हणतात, लूकाला वर्गणीचे महत्त्व ठाऊक नव्हते. हे पटण्यासारखे नाही, कारण दानधर्माचा उल्लेख त्याने केला आहे आणि सात सोबत्यांची नावेही जपली आहेत. कोणी म्हणतात, रोमन वाचकांपुढे प्रांताबाहेर नेलेल्या पैशांचा विषय त्याला नको होता. हे शक्य आहे. परंतु लूकाचा ग्रंथ ज्या सुरात लिहिलेला आहे, त्यात सर्व भांडणे शेवटी मिटतात. अंत्युखियातली पेत्राशी झालेली खडाजंगीही त्याने गाळली आहे. थैली आनंदाने स्वीकारली गेली असती, तर अशा ग्रंथाला याहून शोभेसा प्रसंग कोणता मिळाला असता? तो प्रसंग नाही. अधिक संभाव्य हेच की पैसे नाकारले गेले, किंवा आडवाटेने घेतले गेले. चार नवसकऱ्यांचा खर्च ही ती आडवाट असू शकते: परक्यांच्या पैशांवर मंदिराच्या विधीचे पाणी शिंपडून घ्यायचे.

याकोबाला यात खलनायक ठरवण्याचे कारण नाही. त्याची मंडळी त्या शहरात राहत होती. पौल येऊन जाणार होता. राहणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या नजरा रोज झेलायच्या होत्या.

तो विधीच अंगाशी आला. आशियातून आलेल्या काही यहूद्यांनी पौलाला मंदिरात पाहिले आणि ओरड केली की, याने ग्रीकांना आत आणून हे स्थान विटाळले. त्यांनी आधी शहरात त्याच्याबरोबर इफिसकर त्रफिमाला पाहिले होते. त्रफिम म्हणजे त्या सात जणांपैकी एक, थैलीबरोबर आलेला. त्याला आत नेले असा त्यांचा समज. मंदिराच्या आतल्या अंगणाच्या कठड्यावर ग्रीक भाषेत सूचना कोरलेल्या होत्या: परक्याने पलीकडे पाऊल टाकू नये, टाकल्यास ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार. यांतली एक संपूर्ण शिळा १८७१मध्ये सापडली, ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. नव्या कराराच्या कथेशी इतकी नेमकी जुळणारी दगडी वस्तू क्वचितच आढळते.

जमाव त्याला मारून टाकणार तोच शेजारच्या गढीतून रोमन शिपाई आले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे आणि ते लवकर सांगून होते. सरदार लुसियाने त्याला कैसरियाला पाठवले. सुभेदार फेलिक्स याने निकाल न देता दोन वर्षे त्याला अडकवून ठेवले. पौलाकडून पैसे मिळतील अशी त्याला आशा होती, असे 'कृत्ये' म्हणते. कैदेतल्या तंबूवाल्याकडून सुभेदाराला लाचेची आशा का वाटावी? भरल्या थैलीची वार्ता त्याच्या कानी गेली होती, असे मानले तर वाक्य सरळ लागते. फेलिक्सनंतर फेस्त आला. यरुशलेमात चौकशीला चल म्हणाला, तेव्हा पौलाने रोमन नागरिक म्हणून कैसराकडे दाद मागितली. हे नागरिकत्व पत्रांत कोठेही येत नाही आणि छड्यांचा मार नागरिकाला देत नसत, म्हणून काहींना त्याची शंका येते. पण नागरिकत्वाशिवाय यहूदियातला एक कैदी सरकारी पहाऱ्यात रोमपर्यंत का नेला गेला, याचा उलगडा होत नाही. लूकाचे म्हणणे येथे खरे धरावे.

मग ते प्रसिद्ध जहाज, २७६ माणसे, चौदा रात्रींचे वादळ, माल्टा. रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात, पहाऱ्याखाली. 'कृत्ये' तेथेच संपते, निकाल न सांगता. नीरोच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला, अशी प्राचीन परंपरा आहे.

पण पौलाबरोबर ही कथा संपत नाही. इ.स. ६२मध्ये फेस्त मरण पावला आणि नवा सुभेदार येण्यापूर्वीच्या मोकळ्या काळात महायाजक अनानस याने याकोबावर नियमभंगाचा ठपका ठेवून त्याला दगडमार करवला. हे योसेफस सांगतो. ज्या याकोबाने पौलाला शेजाऱ्यांचा धाक घातला होता, त्याला त्याच शहरात मरण आले.

इ.स. ६६मध्ये मंदिराचा सरदार एलाजार याने याजकांकडून ठरवून घेतले की, यापुढे परक्या माणसाची भेट किंवा यज्ञ स्वीकारायचा नाही. सम्राटाच्या नावाने होणारे यज्ञ त्याने बंद पडले. रोमशी झालेल्या युद्धाचा पाया या निर्णयाने घातला गेला, असे योसेफसचे मत आहे. वडीलधाऱ्यांनी विरोध केला तो याच मुद्द्यावर: हे मंदिर परक्यांच्या देणग्यांनी सजले आहे, पूर्वजांनी त्या कधी नाकारल्या नव्हत्या. पौलाची थैली यरुशलेमात पोहोचून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

इ.स. ७०मध्ये तीतस याच्या सैन्याने मंदिर जाळले. जगभरच्या यहूद्यांचा अर्धा शेकेल त्यानंतरही गोळा होत राहिला. सम्राट वेस्पासियनच्या हुकुमाने तो आता रोमच्या टेकडीवरील ज्युपिटरच्या देवळासाठी जात होता.